एकाच चेहऱ्याची दोन वयं

शिकागोतल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे ६९ वर्षांचे एक गृहस्थ आले. चेहऱ्याच्या डाव्या बाजूची कातडी जाड होत चालली होती आणि तिला घड्या पडत चालल्या होत्या. हे सगळं हळूहळू, २५ वर्षं चाललेलं. दुखणं नाही, खाज नाही, आग नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेनिफर गॉर्डन आणि होआकिन ब्रिएव्हा या दोन डॉक्टरांनी ही केस १९ एप्रिल २०१२ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापली. मजकूर अगदी थोडका, सोबत एक फोटो. चेहऱ्याला सुरकुत्या का पडतात हे रुग्णांना समजावताना मला या फोटोइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झालेली नाही, म्हणून ही केस इथे सविस्तर मांडते आहे.

फोटो समोरून काढलेला आहे. त्या गृहस्थांची डावी बाजू तळहाताने झाकली, तर साठीतला, बऱ्यापैकी तुकतुकीत कातडीचा माणूस दिसतो. हात सरकवून उजवी बाजू झाकली, तर तोच माणूस ऐंशी ओलांडलेला वाटतो. गालावर नांगरल्यासारख्या खोल घड्या, डोळ्याखाली लोंबणारी कातडी, कपाळाच्या डाव्या अर्ध्या भागात जास्त ठसठशीत रेषा. फरक हळूहळू उतरत जात नाही, नाकाच्या रेषेवर जणू हद्द आखलेली आहे.

तपासणीत डॉक्टरांना तीन गोष्टी दिसल्या. वरचा थर जाड होऊन त्याला उंचवटे आणि चर आले होते. जागोजागी ब्लॅकहेड्स होते, तेही तारुण्यपीटिका संपून कित्येक दशकं झालेल्या वयात. आणि कातडीखाली गाठाळ भाग हाताला लागत होते. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा कातडीच्या आतल्या थरात मोडलेल्या लवचीक तंतूंचा साठा दिसला आणि बारीक लवेच्या मुळांशी मिलियाच्या, म्हणजे बारीक पांढऱ्या दाण्यांसारख्या, गाठी. या सगळ्या खुणा एकत्र दिसल्या की त्याला फाव्र-राकुशो असं नाव आहे. फ्रान्समधल्या या दोन डॉक्टरांपैकी फाव्र यांनी १९३२ मध्ये आणि राकुशो यांनी १९५१ मध्ये हे चित्र वर्णन केलं. वर्षानुवर्षं उन्हाने खराब झालेल्या कातडीचा हा विकार. सहसा तो दोन्ही गालांवर, दोन्ही कानशिलांवर दिसतो. इथे मात्र एकाच बाजूला होता.

त्याचं उत्तर रुग्णाच्या धंद्यात सापडलं. २८ वर्षं त्यांनी माल पोचवणारा ट्रक चालवला होता. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे २८ वर्षं खिडकीची काच त्यांच्या डाव्या गालापासून हातभर अंतरावर होती.

दुसरं काही कारण असू शकतं का?

सुरकुत्यांची चर्चा निघाली की आपण पाच-सहा कारणं एका दमात सांगतो. वय झालं. घराण्यातच आहे. विडी-सिगारेट. झोप कमी. खाण्यापिण्याची आबाळ. ही कारणं खोटी नाहीत. पण दोन वेगवेगळ्या माणसांची तुलना करताना त्यातलं नेमकं कुठलं किती हे वेगळं काढता येत नाही. एकाची आई वेगळी, दुसऱ्याचा आहार वेगळा.

इथे तुलना दोन माणसांची नाही. डावा गाल आणि उजवा गाल एकाच दिवशी जन्मले, एकाच आईबापांचे, एकाच ताटातलं जेवले. त्या माणसाने सिगारेट ओढली असती तरी धूर एकाच रक्तातून दोन्हीकडे गेला असता. वय ६९ हेही दोघांचं. ही सगळी कारणं समान असल्यामुळे आपोआप बाद होतात आणि उरते ती एकच गोष्ट, जी डावीकडे होती आणि उजवीकडे नव्हती. प्रयोगशाळेत मुद्दाम असा प्रयोग करायचं कोणी धाडस करणार नाही. २८ वर्षांच्या नोकरीने तो केला.

तरी अजून दोन शंका घ्यायला हव्यात. पहिली स्नायूंची. हसताना, कपाळ आक्रसताना कातडी त्याच त्याच जागी दुमडते आणि तिथे रेषा उमटतात. हे खरंच आहे. चेहऱ्याचा लकवा झालेल्या माणसाच्या लुळ्या बाजूचं कपाळ गुळगुळीत होतं, कारण तिथला स्नायू ओढतच नाही. पण स्नायूंमुळे पडलेल्या रेषेखालची कातडी जाड होत नाही, तिच्यात ब्लॅकहेड्स भरत नाहीत. दुसरी शंका कुशीची. एकाच कुशीवर झोपणाऱ्यांच्या गालावर उशीच्या दाबाने रेषा पडतात, पण त्या दाबाच्या दिशेने पडतात आणि त्यांच्याखाली मोडक्या तंतूंचा ढीग साठत नाही. या केसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते उन्हाचंच काम होतं.

काच काय अडवते आणि काय सोडते

माझ्याकडे येणारे ट्रकचालक हमखास एक वाक्य बोलतात: “मॅडम, मी तर दिवसभर केबिनमध्ये. उन्हात जातोय कुठं मी?” शेतात राबणारा माणूस उन्हात आणि काचेआड बसलेला माणूस सावलीत, ही आपली सरळ समजूत. ती निम्मीच खरी आहे.

सूर्याकडून जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आहेत. यूव्हीबीची तरंगलांबी कमी, साधारण २८० ते ३२० नॅनोमीटर. कातडी लाल करणारे, भाजणारे किरण मुख्यतः हेच. यूव्हीएची ३२० ते ४०० नॅनोमीटर. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतात. ते कातडीत जास्त खोल जातात आणि सकाळ-संध्याकाळ, हिवाळा-उन्हाळा यूव्हीबीइतके कमीजास्त होत नाहीत.

साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, यूव्हीए मात्र तिच्यातून मोठ्या प्रमाणात आत येतं. म्हणून काचेआड कातडी भाजत नाही, आणि घात तिथेच होतो. भाजलं असतं तर माणूस सावध झाला असता, हात आत घेतला असता, गालावर फडकं घेतलं असतं. शिकागोच्या गृहस्थांच्या तक्रारीत ‘त्रास काही नाही’ हे होतंच. २५ वर्षं कातडीने एकदाही ओरड केली नाही.

सगळ्या काचाही सारख्या नसतात. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, अपघातात तिचे तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. तो पापुद्राच यूव्हीए गिळतो. बाजूच्या खिडक्यांना बहुधा नुसती कडक केलेली एकेरी काच असते. अमेरिकेत २०१६ मध्ये १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांच्या काचा मोजल्या गेल्या. समोरच्या काचांनी सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवलं आणि त्यांच्यात फारसा फरक नव्हता. बाजूच्या काचांची सरासरी ७१ टक्के होती, पण कुठल्या गाडीत ४४ आणि कुठल्या गाडीत ९६, इतकी तफावत. समोरून येणारं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून ड्रायव्हर त्यालाच शिव्या देतो, पण गालाचं नुकसान बाजूची खिडकी करते.

मग उजव्या गालाचं काय? त्या बाजूलाही खिडकी होतीच. पण ती केबिनच्या पलीकडच्या टोकाला. तिथून येणारं ऊन चेहऱ्यापर्यंत पोचायला सूर्य खूप खाली उतरलेला असावा लागतो, नाहीतर ते रिकाम्या सीटवरच पडतं. शेजारच्या खिडकीतून मात्र सूर्य बराच वर असतानाही गालावर ऊन येतं.

कातडीच्या आत

चेहऱ्याच्या कातडीला टवटवी देणारा माल बाहेरून दिसत नाही. तो आतल्या थरात असतो. वाळवलेल्या अवस्थेत वजन केलं, तर या थरात तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसतं कोलॅजेन भरतं. कोलॅजेन म्हणजे ताण सहन करणारे दोर. त्यांच्यामधून इलॅस्टिनचे तंतू गेलेले असतात, ओढलेली कातडी परत जागेवर आणणारे. कोलॅजेन शरीर आयुष्यभर थोडं थोडं नवं करत राहतं, मात्र फार सावकाश. कातडीतल्या कोलॅजेनचा निम्मा भाग बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. इलॅस्टिनचं बहुतेक काम तर गर्भात आणि लहानपणीच उरकलेलं असतं. लहानपणी मिळालेल्या त्या शिदोरीवरच पुढे भागवायचं.

नुसत्या वयानेही हे घटतं. प्रौढपणी कातडीतलं कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत बायकांमध्ये ही घट झपाट्याने होते, जवळपास ३० टक्क्यांपर्यंत. पण निव्वळ वयाने म्हातारी झालेली कातडी पातळ होते, कोरडी होते, बारीक चुण्यांची होते. चामड्यासारखी जाड आणि खोल घड्यांची होत नाही. हा फरक बघायचा असेल तर आरशासमोर जायची गरज नाही. आपल्याच दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा, मग मनगटाची वरची बाजू. दोन्ही एकाच वयाच्या आहेत. साठीतल्या माणसाच्या दंडाची आतली कातडी किती मऊ आणि एकसारख्या रंगाची असते, ते पाहून रुग्ण स्वतःच चकित होतात.

अतिनील किरण कातडीत शिरले की पेशींत ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. त्यामुळे पेशींतले काही संदेश जागे होतात आणि पेशी एन्झाइम सोडू लागतात. या एन्झाइमचं कामच कोलॅजेन कापणं. जखम भरताना जुनं साफ करायला ते उपयोगी पडतात, पण उन्हामुळे ते विनाकारण कामाला लागतात. त्याच वेळी नवं कोलॅजेन तयार करण्याचा हुकूमही मंदावतो. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन वुरहीस यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये माणसांच्याच कातडीवर हे दाखवलं, आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की एवढं व्हायला कातडी लाल होण्याइतकी मात्राही लागत नाही. त्याहून कमी पुरते.

दर वेळी तुटलेलं शरीर दुरुस्त करतं. पण दुरुस्ती शंभर टक्के होत नाही. जुन्या लुगड्याला रफू केलं की ती जागा मूळ पोतासारखी येत नाही, तसंच. एका दिवसाची चूक दिसणारच नाही इतकी लहान. २८ वर्षं, दर कामाच्या दिवशी काही तास, आणि मग ती गालावर उमटते.

इलॅस्टिनचं आणखी वेगळं. ते मोडतं आणि मोडलेल्या, वेड्यावाकड्या तंतूंचे पुंजके तिथेच साठत जातात. जुन्या गादीत कापूस एका जागी गोळा होऊन गाठी होतात आणि बाकीचा भाग पोकळ पडतो, तशी आतली अवस्था होते. शिकागोच्या डॉक्टरांच्या बोटांना लागलेले गाठाळ भाग म्हणजे हेच पुंजके. छिद्रांभोवतीचा आधार सैल पडला की ती रुंदावतात, त्यात तेल आणि मृत पेशी अडकून काळ्या पडतात. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला ब्लॅकहेड्स कुठून आले, याचा उलगडा इथे होतो. गादीचा कापूस पिंजून घेता येतो. कातडीचा येत नाही.

एका माणसावरून किती म्हणायचं

एक केस कितीही बोलकी असली तरी ती एकच असते. म्हणून इतरत्र काय दिसलं हे पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात गाडी आपल्यासारखी, स्टिअरिंग उजवीकडे. तिथल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये मांडलं की उन्हामुळे येणारे खरखरीत, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारे डाग पुरुषांमध्ये उजव्या बाजूला जास्त दिसतात. अमेरिकेत २०१० मध्ये सेंट लुइसच्या डॉक्टरांना त्वचेचे कर्करोग डाव्या बाजूला जास्त सापडले. स्टिअरिंगची बाजू बदलली की आजाराची बाजूही बदलते. योगायोग म्हणून हे सोडून देणं मला तरी पटत नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे, म्हणजे ऊन अडवलं तर काय होतं याचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात नाम्बोर नावाचं गाव आहे. तिथे १९९२ ते १९९६ या काळात लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मनाला येईल तसं. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या पाठीवरच्या कातडीचे साचे घेऊन साडेचार वर्षांनी तुलना केली. रोज लावणाऱ्यांमध्ये कातडीचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरलं. सनस्क्रीन आजच्या मानाने साधंच होतं, एसपीएफ १५ च्या घरातलं. त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा फायदा दिसला नाही.

उपचार

शिकागोच्या रुग्णाला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: उन्हापासून संरक्षण, रेटिनॉइडची मलमं आणि कर्करोगासाठी ठराविक काळाने तपासणी. सुरकुत्या घालवणाऱ्या महागड्या उपायांचा उल्लेखही नाही. तिसरा सल्ला लोकांच्या नजरेतून सुटतो. ज्या किरणांनी घड्या पाडल्या तेच पेशींच्या डीएनएलाही इजा करतात, म्हणून जिथे कातडी इतकी रापली आहे तिथली नवी गाठ, न भरणारी जखम, रंग बदलणारा डाग याकडे दुर्लक्ष चालत नाही.

रेटिनॉइड म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’च्या घराण्यातली औषधं. ट्रेटिनॉइन हे त्यातलं सगळ्यात जुनं, मुळात मुरुमांसाठीचं. कोलॅजेन कापणाऱ्या एन्झाइमचा हुकूम ते दाबून धरतं आणि नवं कोलॅजेन तयार व्हायला चालना देतं. रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर लावायचं. पहिले काही आठवडे सालं निघतात, आग होते, फरक दिसायला महिने लागतात. गरोदरपणात ते वापरत नाहीत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय ‘चेहऱ्याची ट्यूब’ आणायची पद्धत पडली आहे. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन हे रंग उजळवणारं औषध आणि स्टेरॉइड असतं. पहिला महिना चेहरा उजळ दिसतो. पुढे स्टेरॉइडने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. सुरकुती टाळायला निघालेली बाई कागदासारखी कातडी घेऊन ओपीडीत येते. अशा तिशीतल्या मुली मी आठवड्याला पाहते आणि दर वेळी जीव तुटतो.

आपल्या महामार्गावर

आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे शिकागोसारख्या घड्या आपल्याकडे इतक्या लवकर आणि इतक्या खोल दिसत नाहीत. आपल्याकडे आधी रंग बोलतो. ड्रायव्हरचा उजवा गाल, उजवं कानशील आणि कोपरापासून खाली उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा गडद. क्लीनर साइडला आयुष्य काढलेल्यांचं नेमकं उलट. पुण्याहून दुपारी कोल्हापूरकडे निघालेल्या गाडीत पश्चिम उजव्या हाताला येते. तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी परतते तेव्हा पूर्व उजव्या हाताला. जाताना आणि येताना दोन्ही वेळा ऊन एकाच गालावर. खिडकी उघडी असेल तर यूव्हीबीही सोबतीला.

काळी फिल्म हा त्यावरचा उपाय नव्हे. शिकागोची केस छापून आली त्यानंतर आठच दिवसांनी, २७ एप्रिल २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि बऱ्याच जणांना वाटलं की ऊन अडवायचा मार्गच गेला. पण १९८९ च्या मोटार वाहन नियमांतली टक्केवारी, समोर-मागे ७० आणि बाजूला ५०, ही काचेतून आत यायलाच हव्या अशा दिसणाऱ्या प्रकाशाची आहे. काच काळी आहे म्हणून ती यूव्हीए अडवेलच असं नाही आणि पारदर्शक दिसणारी काच कारखान्यातूनच यूव्हीए अडवणारी असू शकते. २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. खिडक्या आता बंद राहतील, म्हणजे ती काच कोणती हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होईल.

स्वस्त उपाय कापडाचा आहे. पुण्यात स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळणाऱ्या मुलींना लोक हसले, पण दाट विणीचं कापड यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवतं, घामाने ओघळत नाही आणि दोन तासांनी परत लावावं लागत नाही. सनस्क्रीन घ्यायचंच तर नुसता एसपीएफ बघू नका, तो मुख्यतः यूव्हीबीचं माप आहे. बाटलीवरच्या ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं यूव्हीएची. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. बहुतेक जण त्याच्या पाव भागात भागवतात.

तीस वर्षं मालट्रक चालवलेले एक काका माझ्याकडे आले होते, उजव्या कानशिलावरच्या खरखरीत डागासाठी. त्यांना शर्ट काढून दंडाची आतली बाजू दाखवायला सांगितली. बराच वेळ ते स्वतःच्या दंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “ही माझीच कातडी?” डागाचा तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. तीन महिन्यांनी आले तेव्हा उजव्या हातात मनगटापर्यंत पांढरी सुती बाही होती आणि केबिनच्या खिडकीला वरच्या अर्ध्या भागात, आरसा दिसेल असा, बायकोने शिवलेला दुपदरी पडदा बसवल्याचं त्यांनी सांगितलं. मी पट्टी घेऊन डाग परत मोजला. सहा मिलिमीटर. होता तेवढाच. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची लिहून दिली.